सतरा नंबरचा शिक्का

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी. मी तिशीसुद्धा गाठलेली नाही, आणि माझ्या नोकरीला पेन्शनही नाही. तरी संपादकांनी गळ घातली. "ग्राहकांच्या तक्रारींचे गमतीदार अनुभव लिहा," म्हणाले. लिहिते म्हटलं, पण वाचून हसू आलं नाही तर मला फोन करू नका.

बडोद्यातल्या एका लहानशा ग्राहक संस्थेत मी काम करते. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक प्रिंटर, आमच्या प्रमुख हंसाबेन आणि मी. काम दोन प्रकारचं. ज्याची फसवणूक झाली त्याच्या वतीनं कंपनीला नोटीस लिहायची, आणि बाकीचे फसू नयेत म्हणून पत्रकं वाटायची. पत्रक लिहिणं सोपं नसतं. खंडेराव मार्केटमधून बाहेर पडणारा माणूस एका हातात भाजीची पिशवी धरून चालता चालता वाचतो. पहिल्या ओळीत तो थांबला नाही तर तुमचं पत्रक वांग्यांबरोबर पिशवीत जातं आणि घरी त्यावर लसूण सोलला जातो. म्हणून मी आखूड वाक्यं लिहिते आणि कडक लिहिते. हंसाबेन कच्चा मजकूर वाचून नेहमी विचारतात, "मृणाल, पत्रिका लखे छे के गाळो?" पत्रक लिहितेस की शिव्या? मी म्हणते, तुम्हीच वेगळं करून दाखवा.

पत्रकात मी एक गोष्ट हमखास सांगते. वस्तू विकत घेताना ती उलटी करा. पुढे मोठ्या अक्षरात नाव असतं, ते विसरा. मागे किंवा तळाशी मुंगीच्या अक्षरात तीन गोष्टी असतात : नाव कुणाच्या मालकीचं, वस्तू बनवली कुणी, विकतो कोण. आपल्या आजोबांच्या वेळी या तिन्ही प्रश्नांचं उत्तर बहुधा एकच असे. आता तिन्ही ठिकाणी तीन पत्ते निघतात, आणि तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं.

हे मी लोकांना घसा फोडून सांगत होते. तरी सुनंदावहिनी आल्या तेव्हा मी चाट पडले.

सुनंदावहिनी आमच्याच सोसायटीतल्या. त्यांचे यजमान रिफायनरीत. एका सकाळी त्या ऑफिसात आल्या त्या डावा हात खांद्यापर्यंत बांधलेला, मानेवर मलम. दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी कुकर काढून माझ्या टेबलावर ठेवला. झाकण वाकलेलं होतं.

"छताला जाऊन आपटलं," त्या म्हणाल्या. "वरण सगळं माझ्या अंगावर."

"कुठला कुकर, वहिनी?"

"चूलराणी."

"चूलराणी? ती कंपनी तर कधीच बंद पडली."

"बंद कशी पडेल? माझ्या स्वयंपाकघरात फुटली की परवा!"

मी कुकर उलटा केला. तळावरच्या लेबलावर मुंगीची अक्षरं सगळी होती. नाव मुंबईच्या एका कंपनीच्या मालकीचं. माल बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका शेडमधला. विक्री तिसऱ्याच कुणाची. मी लगेच सुरू झाले, "वहिनी, किती वेळा सांगितलं, नुसतं नाव बघून घेऊ नका."

"नाव कोण बघतंय?" वहिनी फणकारल्या. "दत्तूकाका म्हणाले, माझ्या हातचा माल आहे, डोळे मिटून घ्या. मी डोळे मिटून घेतला. मी एकटीनं नाही हं, आपल्या अर्ध्या सोसायटीनं घेतला. आत्ता या वेळेलासुद्धा घराघरात त्याच्या शिट्ट्या चालू असतील."

हे ऐकून मी वहिनींना शिकवणं थांबवलं. कारण दत्तूकाका थाप मारणारे नव्हेत.

दत्तूकाकाही आमच्याच सोसायटीतले, चूलराणीच्या कारखान्यात टेस्टर होते. त्यांचं काम असं : तयार झालेला कुकर पाण्याच्या टाकीपाशी यायचा. त्यात पंपानं दाब भरायचा, नेहमीच्या वापरात येतो त्यापेक्षा बराच जास्त. कुठून थेंब येतो का, झाकण सरकतं का, बघायचं. मग सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचा. या व्हॉल्व्हमध्ये मऊ धातूचा एक ठिपका असतो. शिटीचं भोक डाळीनं बुजलं आणि आत उष्णता फार वाढली की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. एवढ्याशा ठिपक्यावर बाईचा जीव असतो. सगळं ठीक असेल तरच टेस्टरनं आपला पंच, म्हणजे टोकाला आकडा कोरलेला पोलादी तुकडा, कुकरच्या तळावर ठेवून हातोडीचा एक घाव घालायचा. गोलात आकडा उमटायचा. प्रत्येक टेस्टरचा आकडा वेगळा. दत्तूकाका सतरा. त्यांच्या शेजारी बसायचे ते म्हात्रे अठरा. म्हात्रे इतका माल नापास करायचे की सुपरवायझर त्यांना सासूबाई म्हणायचा. बडोद्यात तेव्हा बायका दुकानात कुकर उलटा करून बघत, गोल शिक्का आहे का. ज्याच्यावर अठरा तो आधी उचलत.

कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येक टेस्टरनं आपला पंच घरी आणला. दत्तूकाकांचा देवघरात असतो. दर दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. म्हात्रे पुढे वारले. त्यांचा पंच म्हात्रेवहिनींच्या देवघरात आहे, त्याही पूजा करतात.

तर झालं होतं असं. लहरीपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात काकांना चूलराणी दिसला. सवयीनं उलटा केला. गोलात सतरा! काकांचा हिशोब सरळ होता. पंच माझ्या घरात, देवापाशी. कारखाना बंद झाल्यापासून त्यानं घाव घातलेला नाही. म्हणजे हा माल त्याच्या आधीचाच असणार, कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला. खोका नवा आहे, तळाचं लेबल नवं आहे, ते बदललं असेल. म्हणजे हा कुकर मी स्वतः तपासलेला आहे. काका घरी आले ते नाचतच. जिन्यात जो भेटला त्याला सांगितलं.

मला सांगा, या हिशोबात चूक कुठे आहे? मी आजही शोधते आहे.

मी वाकलेलं झाकण घेऊन त्यांच्याकडे गेले. आधी त्यांनी मला झाडून घेतलं.

"माझा कुकर फुटत नाही. सुनंदानं शिटी साफ केली नसेल. डाळ कोंबली असेल गळ्यापर्यंत."

"काका, डाळ कोंबली तरी तो ठिपका वितळायला हवा ना? तुम्हीच सांगता."

त्यांनी चष्मा लावला. झाकण खिडकीपाशी नेलं, व्हॉल्व्ह बोटानं चाचपला, खिळ्यानं खरवडला. ओरखडासुद्धा उठला नाही. 

"हा मऊ धातू नाही," ते म्हणाले. मग एकदम, "सावलीचा पत्ता आहे म्हणालीस ना? चल."

"आत्ता?"

"घराघरात शिट्ट्या चालू आहेत माझ्या नावानं. आत्ता नाही तर काय दसऱ्याला?"

बसमध्ये मी त्यांना विचारलं, एवढी मोठी कंपनी गेली कशी? आम्हाला लहानपणी कुकर म्हणजेच चूलराणी वाटायची. आई अजूनही दुसऱ्या कंपनीच्या कुकरला चूलराणीच म्हणते.

"तेच तर," काका म्हणाले. "साहेबांनाही तसंच वाटायचं. बाजारात नव्या शेगड्यांवर चालणारे कुकर आले. आम्ही सांगितलं. साहेब म्हणाले, चूलराणीला कोण हलवतंय? मोठे साहेब रोज टाकीपाशी यायचे. त्यांचा मुलगा आठवड्यानं. नातू आला तो थेट जमीन मोजायलाच. शहर वाढत वाढत कारखान्याच्या दारात आलं होतं ना. कुकरपेक्षा खालची जमीन महाग झाली. मग माल बाहेरून बनवून आणायचा, आपण फक्त नाव लावायचं, असं सुरू झालं. कंपनी त्या दिवशी मेली, मृणाल. आम्हाला पगार मिळत होता म्हणून पत्ता लागला नाही."

सावलीची शेड रस्त्यापासून आत होती. आम्ही भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण तिथले मॅनेजर परेशभाई इतके गोड माणूस निघाले की माझा आवाज चढेचना. "आवो आवो, बेसो," म्हणत त्यांनी खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. काकांनी सांगितलं, मी चूलराणीचा जुना टेस्टर, नंबर सतरा.

परेशभाई उठून उभे राहिले. "शुं वात करो छो! तमे पोते सत्तर नंबर?" गुजरातीत सतराला सत्तर म्हणतात. त्यांनी आतल्या माणसांना हाका मारल्या. "अरे, आवो बधा! सत्तर नंबर आव्या छे!" पोरं हात पुसत आली. परेशभाईंनी काकांच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला. काका भांबावून कॅमेऱ्याकडे बघत राहिले. तो फोटो मी पाहिला आहे. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत असतो तसा चेहरा आहे.

"टाकी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"कई टाकी, काका?"

"पाण्याची. टेस्टिंगची."

"सँपल पाठवतो ने आपण! लॉटमधून एक-दोन. बधा क्यां टेस्ट करवा बेसे?" सगळे कुठे तपासत बसायचे?

"मग शिक्का कोण मारतं?"

परेशभाईंना प्रश्नच कळला नाही. "शिक्को? ए तो डायमां ज छे."

डाय म्हणजे साचा. पत्र्याची थाळी प्रेसखाली ठेवायची, वरून दाब यायचा, खाली भांडं तयार. जुन्या कारखान्याचं सामान लिलावात गेलं तेव्हा नमुन्याचे म्हणून काही कुकर यांच्याकडे आले होते. त्यातल्या एकाच्या तळावर गोलात सतरा होता. यांनी साचा करताना तोही कोरून घेतला. दुकानदारांची मागणीच होती : बडोद्यात गोल शिक्का असल्याशिवाय माल उचलत नाहीत.

पुढच्या भिंतीला कुकरची रास होती. काकांनी एक उलटा केला. सतरा. दुसरा. सतरा. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. दुकानात त्यांनी एकच कुकर उलटा केला होता. दोन केले असते तरी कळलं असतं : हातोडीचे दोन घाव कधी एकाच जागी, एकसारखे बसत नाहीत.

जो शिक्का तपासणी झाल्यावर बसायचा, तो आता कुकर कुकर होण्याच्या आधीच बसतो. माणूस जन्मायच्या आधी त्याला चारित्र्याचा दाखला! मी सहा वर्षं फसवणुकीच्या तक्रारी ऐकते आहे, पण असं काही डोक्यात आलं नव्हतं. आणि परेशभाईंच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नाही. त्यांच्या लेखी ते नक्षीकाम होतं.

टेबलापाशी मुली खोकी भरत होत्या. तोच कुकर, तेच झाकण. एका खोक्यावर चूलराणी, दुसऱ्यावर आणखी एका बंद पडलेल्या कंपनीचं नाव, तिसऱ्यावरचं नाव काकांनी वाचलं आणि ते ओरडलेच.

"ही? ही तर आमची जन्माची दुश्मन! यांची आणि आमची जाहिरातीवरून कोर्टबाजी झाली होती!"

"हवे तो बधा एक ज छे, काका," परेशभाई हसले. "झगडो पूरो!"

परत येताना बसमध्ये काका एकच वाक्य बोलले. "सुनंदाकडे कुठल्या तोंडानं जाऊ?"

गेले मात्र. दारातच उभे राहून म्हणाले, "पोरी, तो कुकर मी तपासलेला नव्हता." वहिनींनी त्यांना आत घेतलं, चहा दिला. "काका, तुम्ही कुठे फसवलंत? तुम्हीही फसलातच की." काका चहा न पिता उठले. त्या शब्दांनी त्यांना जास्त लागलं, असं मला वाटतं.

मी नोटिसा धाडल्या. तिघांना. सावलीकडून उत्तर आलं, आम्हाला दिलेल्या नमुन्याप्रमाणे आम्ही माल बनवतो. विक्रेत्याकडून आलं, आम्ही बंद खोकं पुढे देतो. मुंबईला मी फोन केला. एका मुलीनं उचलला, आवाज मधासारखा.

"मॅडम, आम्ही माल बनवत नाही. आम्ही फक्त नाव सांभाळतो."

"नाव ठेवता कुठे? कपाटात?"

"सॉरी?"

"कुणी तरी भाजलंय. ते कुणामुळे भाजलं?"

"मॅडम, त्यासाठी तुम्ही उत्पादकाशी संपर्क साधा."

उत्पादक म्हणजे परेशभाई. परेशभाई म्हणजे चहा. अशी ही गोल फिरणारी गोष्ट. वहिनींची केस अजून चालू आहे.

लोक मला विचारतात, कंपनी बुडते तर नाव कसं तरतं? माझं उत्तर कुणाला आवडत नाही. कारखाना चालवायचा तर छप्पर गळतं, यंत्र झिजतं, माणसं पगार मागतात. नावाला यातलं काही लागत नाही. ते आपण सांभाळतो, फुकट. माझी आई दुसऱ्याच कुकरला चूलराणी म्हणते, ही तिनं कंपनीची केलेली बिनपगारी चाकरी आहे. काका दसऱ्याला पंचाला फूल वाहतात, तीही. साहेबांच्या नातवानं जमीन विकली, ती त्याची होती. पण नाव म्हणून त्यानं जे विकलं ते आपल्या स्वयंपाकघरातल्या आठवणी होत्या. म्हात्र्यांनी नापास केलेल्या मालाची पुण्याई होती. कुणाला विचारलं त्यानं? याच मजकुराचं पत्रक मी काढलं. "नाव जुनं. माल कुणाचा?" या वेळी हंसाबेन गाळो म्हणाल्या नाहीत. "मोटा अक्षरमां छाप," म्हणाल्या.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी परेशभाईंचा काकांना फोन आला. दिवाळीच्या विक्रीसाठी व्हिडिओ करायचा आहे, "ओरिजिनल सत्तर नंबरवाळा काका", दोनच मिनिटं बोलायचं. मी शेजारीच होते, फोन हिसकावून घेणार होते. काका शांतपणे म्हणाले, "या ना. दसऱ्याला घरीच या."

दसऱ्याला परेशभाई फाफडा-जलेबी घेऊन आले. सोसायटीच्या अंगणात काका पाटावर बसले होते. समोर पंच, त्याच्यावर झेंडूचं फूल. सगळ्या बायकांनी आपापले चूलराणी आणून रांगेत ठेवले होते, सगळे पालथे. काकांच्या हातात छिन्नी आणि हातोडी.

"परेशभाई, जरा पकडो," काका म्हणाले.

"आ शुं करो छो, काका?"

"पकडो तर. हलवू नका."

परेशभाईंनी कुकर धरला. काकांनी सतरावर छिन्नी ठेवून दोन घाव घातले. फुली. मग दुसरा. मग तिसरा. परेशभाई बिचारे नव्या सदऱ्यात उकिडवे बसून एकेक कुकर धरत राहिले, मोबाइल खिशातच. फुली मारलेला कुकर गॅसवर चढवायचा नाही, असं ठरलं होतं. आता कुणी त्यात तांदूळ ठेवतं, एका घरी त्यात तुळस आहे.

शेवटचा झाल्यावर काका म्हणाले, "पुढच्या मालावर माझा नंबर नको."

परेशभाई गुडघे झटकत उठले. खरंच ओशाळले होते. "डाय बदलवी पडशे," ते पुटपुटले. "वात करूं छुं." साचा बदलावा लागेल, बोलून बघतो.

मला वाटलं, जिंकलो. माझ्या कामात ही चीज इतकी दुर्मीळ आहे की मी फाफडा-जलेबीसुद्धा खाल्ली.

मग गेल्या महिन्यात काकांना घेऊन लहरीपुऱ्यात गेले होते, आमच्या आईसाठी तवा घ्यायला. त्याच दुकानात चूलराणीचा नवा माल लागला होता. दुकानदारानं काकांना ओळखलं, घाईनं म्हणाला, "काका, आमां तमारो नंबर नथी हों! जुओ." यात तुमचा नंबर नाही, बघा.

काकांनी कुकर उलटा केला. गोल होता. गोलात अठरा.

मला क्षणभर काही कळलं नाही. काकांना लगेच कळलं. हळू आवाजात मला म्हणाले, "म्हात्रे फुली मारायला येणार नाही." मी भिंतीलगतची रास उलटी करत सुटले. अठरा, अठरा, अठरा. दुकानदार ओरडत होता. मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

काकांनी त्यातला एक कुकर विकत घेतला. "म्हात्रेवहिनींना आपणच सांगितलं पाहिजे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

म्हात्रेवहिनींनी दार उघडलं. "या भावजी! आज वाट चुकलात का?"  काकांनी पिशवीच पुढे केली. वहिनींनी कुकर बाहेर काढला आणि बडोद्यातल्या त्यांच्या वयाची कुठलीही बाई जे करेल तेच केलं. उलटा केला.

"अगं बाई! ह्यांचा!" त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर फिरवली. "पंच तर माझ्या देवघरात आहे. म्हणजे जुना माल सापडला वाटतं कुठे? ह्यांच्या हातचा आहे हो, भावजी!"

त्या पदरानं तो आकडा पुसू लागल्या. पुसून झाल्यावर कुकर छातीशी धरूनच आत वळल्या, देवघराकडे.

"वहिनी," काका म्हणाले, "थांबा. आधी जरा खाली बसा."